खिशातला कॅमेरा: आधी काय सोडायचं ते ठरवा

रोजच्या वापराला छोटा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दुकानात दोन आकडे पुढे केले जातात: किती मेगापिक्सेल आणि किती पट झूम. दोन्ही आकडे खरे असतात. पण घरातल्या बारशाचे, मुलांच्या धावपळीचे, दिवेलागणीनंतरच्या फेरफटक्याचे फोटो कसे येतील, याचा त्यांवरून काहीच अंदाज बांधता येत नाही. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात जागा मोजकी असते आणि त्या जागेवर तीन गोष्टी हक्क सांगत असतात: मोठा सेन्सर, लांब पल्ल्याचा झूम आणि भरपूर उजेड आत घेणारी लेन्स. तिन्ही एकदम मिळत नाहीत. दोन मिळतात, तिसरीवर पाणी सोडावं लागतं. कंपनी कुठलीही असो आणि पैसे कितीही मोजा, यातून सुटका नाही. म्हणून कॅमेरा पारखताना 'यात काय काय आहे' हा प्रश्न मागे ठेवा आणि 'यातलं काय नसलं तरी माझं चालेल' हे आधी ठरवा. एवढं ठरलं की बाजारातले तीन चतुर्थांश कॅमेरे आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांत निवड करणं सोपं जातं.

एकाच मालिकेतले दोन कॅमेरे शेजारी ठेवले तर हे स्वच्छ दिसतं. सोनीने २०१२ मध्ये पहिला आरएक्स१०० आणला, तेव्हा २४० ग्रॅमच्या कॅमेऱ्यात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर बसवून दाखवला. (बाजारात या सेन्सरला एक इंची म्हणतात, त्याची एकही बाजू इंचभर नसते, तेव्हा तुलना करताना मिलिमीटरच विचारा.) या मालिकेतल्या २०१६ च्या पाचव्या कॅमेऱ्याचा झूम, ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने, २४ ते ७० आहे आणि लेन्स एफ १.८ ते २.८ इतकी उघडते. २०१८ च्या सहाव्यात झूम थेट २०० पर्यंत गेला, सेन्सर होता तेवढाच राहिला, जाडी जेमतेम दोन मिलिमीटरने वाढली. मग हा वाढीव झूम कुठून आला? लेन्सच्या उजेडातून. ती एफ २.८ ते ४.५ वर उतरली. एफचा आकडा मोठा म्हणजे आतलं भोक लहान, १.८ वरून २.८ वर येताना उजेड जवळजवळ अडीचपटीने घटतो. भर उन्हात उजेड कमी करणारा अंगचा एनडी फिल्टरही सहाव्यात नाही. क्रमांक वाढला म्हणून कॅमेरा सगळ्याच बाबतींत पुढे गेला, असं इथे म्हणता येत नाही. गच्चीवरून पक्षी टिपणाऱ्याला सहावा बरा, घरात मुलांचे फोटो काढणाऱ्याला पाचवाच बरा. दुसरं टोक पाहायचं तर रिकोचा २०१९ चा जीआर ३ घ्या. त्यात झूम मुळीच नाही, २८ मिलिमीटरची एकच लेन्स आहे. झूम सोडल्याबरोबर सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा झाला, म्हणजे एक इंची सेन्सरच्या तिपटीहून मोठा, आणि तरीही जाडी ३३ मिलिमीटर, म्हणजे सोनीच्या या दोन्ही कॅमेऱ्यांपेक्षा कमी.

मेगापिक्सेलचा प्रश्न त्यामानाने लवकर मिटतो. कॅननचा २००८ चा पॉवरशॉट जी१० हा १४.७ मेगापिक्सेलचा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या जी११ मध्ये सेन्सरचं माप तेच ठेवून कंपनीने पिक्सेल १० मेगापिक्सेलवर आणले, कारण कमी उजेडात तेवढ्याशा सेन्सरला जास्त पिक्सेल पेलवत नव्हते. ऑलिंपसने टफ मालिकेत हेच केलं: टीजी-४ चे १६ मेगापिक्सेल २०१७ च्या टीजी-५ मध्ये १२ झाले. जाहिरातीत आकडा कमी लिहावा लागणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. तरीही दोन कंपन्यांनी तो कमी केला, यातच उत्तर आलं. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला उत्तम दर्जासाठी सव्वादोन मेगापिक्सेलही पुरतात, पानभर ए-४ प्रिंटला पावणेनऊच्या आसपास लागतात. आजचा कुठलाही कॅमेरा यापेक्षा जास्तच देतो, तेव्हा या आकड्यावर वेळ घालवू नका.

वेळ द्यायचा तो उजेडाच्या हिशेबाला. संध्याकाळी ट्यूबलाइट लावलेली साधी बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणा. आपल्या डोळ्यांना ती उजळलेली वाटते, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने तिथला उजेड बाहेरच्या दुपारच्या उन्हाच्या शेकडो पटींनी कमी असतो. लहान सेन्सरच्या सडपातळ कॅमेऱ्यांत लेन्स सहसा एफ ३.६ च्या आसपास सुरू होते. अशा खोलीत झूम न करता, आयएसओ (म्हणजे उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ठेवून, ढोबळमानाने सेकंदाचा ऐंशीवा भाग इतका शटर मिळतो. एफ १.८ ची लेन्स असेल तर तोच शटर आयएसओ ४०० वर मिळतो, कारण ती चौपट उजेड आत घेते. आता यात सेन्सरचं माप मिळवा. सडपातळ कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. एक इंची सेन्सर ११६ चौरस मिलिमीटर. हीसुद्धा चौपट. चार गुणिले चार, म्हणजे तीच खोली, तोच क्षण, तोच शटर, आणि एका कॅमेऱ्यात दुसऱ्याच्या सोळापट उजेड जमा होतो. हा फरक सॉफ्टवेअरने भरून काढता येत नाही. कमी उजेडातला खरखरीतपणा पुसायला कॅमेरा जे करतो, त्यात बारीक तपशीलही पुसला जातो: कपाळावरच्या बटा एकमेकींत मिसळतात, सुती साडीचं विणकाम जाऊन सपाट रंग उरतो, काठावरची नक्षी विरघळते. कॅमेरा पारखताना चेहऱ्याआधी केस आणि कापड पाहावं, ते यासाठी.

इथे स्थिरीकरणाचा मुद्दा हमखास काढला जातो. हात हलला तरी फोटो हलत नाही, मग उजेड कमी असला म्हणून काय बिघडलं? स्थिरीकरण उपयोगाचं आहेच. देवळाचा गाभारा, रात्रीचा रस्ता, मांडलेली रांगोळी अशा स्थिर गोष्टींसाठी ते मोलाचं आहे. पण ते आपल्या हाताचं कंपन सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल सावरत नाही. खेळणारं मूल स्पष्ट यायला निदान सव्वाशेवा भाग लागतो, पळणारं असेल तर त्याहून जलद. तो वेग फक्त उजेडातून मिळतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल, तर लेन्सच्या एफच्या आकड्यापुढे बाकीचे सगळे आकडे दुय्यम समजा.

झूमबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण फसगत होते ती बहुतेक इथेच. कॅननचा २०१६ चा इक्सस २८५ एचएस हा १४७ ग्रॅमचा आणि २३ मिलिमीटर जाडीचा कॅमेरा २५ ते ३०० मिलिमीटरचा बारापट झूम देतो. शर्टाच्या खिशात खरोखर मावणारा असा झूम ही अभियांत्रिकीची कमाल आहे. पण पूर्ण झूमवर त्याची लेन्स एफ ७.० वर येते, आणि तिथे प्रकाशाचा मूळ स्वभाव आडवा येतो. लहान भोकातून येणारा प्रकाश पसरतो. एफ ७.० वर हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण ९ मायक्रॉन व्यासाचा ठिपका होऊन पडतो. या कॅमेऱ्याच्या २० मेगापिक्सेल सेन्सरवरचा एक पिक्सेल आहे जेमतेम १.२ मायक्रॉनचा. म्हणजे समोरचा एक बिंदू सात-आठ पिक्सेलभर रुंद पसरतो, आणि वीस मेगापिक्सेलची फाइल आकाराने वीसचीच असली तरी तिच्यात तपशील त्याच्या लहानशा अंशाइतकाच उरतो. लेन्स कितीही काटेकोर घासली तरी हे बदलत नाही. संध्याकाळच्या त्याच खोलीत पूर्ण झूमवर आयएसओ १६०० ठेवूनही शटर विसाव्या भागाच्या आसपास अडकतो. तेव्हा असा कॅमेरा दिवसाउजेडी, सहलीला, किल्ल्यावर नेण्यासाठी घ्यावा आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. डिजिटल झूमचा आकडा तर विचारातच घेऊ नका; तो फोटो कापून मोठा केलेला असतो आणि ते काम घरीही करता येतं.

आपण नक्की काय सोडू शकतो, हे मनाशी ठरवायला गेलं तर उत्तर चुकतं. झूम कधीतरी लागेल, असं प्रत्येकालाच वाटतं. त्यापेक्षा फोनमधले गेल्या वर्षभराचे फोटो उघडा. बहुतेक फोनमध्ये फोटो वर सरकवला की शटर, आयएसओ आणि वापरलेली लेन्स दिसते. शे-दोनशे फोटो चाळले तरी चित्र स्पष्ट होतं. किती फोटो घरात किंवा अंधार पडल्यावर काढलेले आहेत? किती ठिकाणी झूम करून चेहरे धुरकट झालेत? किती फोटो माणसांचे, किती जागांचे, किती नुसत्या पावत्यांचे आणि कागदपत्रांचे? कागदपत्रं बाजूला काढा, ती फोनवरच राहणार. उरलेल्यांत घरातली माणसं जास्त असतील, तर उजेड घेणारी लेन्स आणि एक इंची सेन्सर घ्या, झूम सोडा. फिरताना रस्ते, इमारती, बाजार यांचेच फोटो असतील, तर झूम नसलेला मोठा सेन्सर उत्तम. दिवसा दूरचं टिपायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर झूम ठेवा आणि रात्रीवर पाणी सोडा. पावसाळी भटकंती, धबधबे, समुद्र असेल तर हिशेब वेगळा होतो: १५ मीटर पाण्यात चालणारा टफ मालिकेतला टीजी-६ किंवा टीजी-७ सेन्सरच्या बाबतीत लहानच आहे, पण मुसळधार पावसात फोटो देईल असा छोटा कॅमेरा दुसरा सहजी सापडणार नाही.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. हातात चांगला फोन असताना कॅमेरा हवाच कशाला? लोकांनी याचं उत्तर कधीच दिलंय. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या संघटनेची आकडेवारी पाहिली, तर २०१० मध्ये अशा कॅमेऱ्यांची जगभरची पाठवणी दहा कोटींच्या वर होती. २०२३ मध्ये ती वीस लाखांच्याही आत आली. हे लोक मूर्ख नव्हते. आजच्या चांगल्या फोनची मुख्य लेन्स सडपातळ कॅमेऱ्यापेक्षा मोठ्या सेन्सरवर, जास्त उजेडाने काम करते आणि एका फोटोसाठी अनेक फ्रेम एकत्र करते. लहान सेन्सरचा, साध्या लेन्सचा कॅमेरा त्यापुढे स्थिर दृश्यात हरतो, हे मान्यच केलं पाहिजे. पण फोनची ताकद मुख्य लेन्सपुरती असते. काही फोनमध्ये एक इंची सेन्सर आहे, तोही त्या एकाच लेन्सला. दूरचं दाखवणाऱ्या लेन्समागे त्याहून लहान सेन्सर असतो. अनेक फ्रेम एकत्र करायची युक्ती समोरचं माणूस स्थिर असेतो चालते. नाचणारं, धावणारं माणूस आलं की त्या फ्रेम जुळत नाहीत आणि तपशील हरवतो. म्हणून कॅमेरा निवडताना एक अट घाला: तो फोनपेक्षा निदान एका कामात, तुमच्या नेहमीच्या कामात, उघडपणे सरस असला पाहिजे. तसं काम सापडत नसेल तर पैसे खर्च करू नका. हा सल्ला मनापासून आहे. कपाटात पडून राहणारा कॅमेरा कुणाच्याच कामाचा नाही.

असं एक काम फारसं चर्चेत येत नाही, ते म्हणजे फ्लॅश. दुपारचं लग्न, मांडवात सावली, पाठीमागे उघडं ऊन. फोन एकतर चेहरे काळे करतो किंवा ते उजळायच्या नादात सगळं दृश्य सपाट करतो. फोनचा एलईडी दिवा उन्हापुढे काहीच नाही. कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश क्षणभरच, पण त्याच्या कितीतरी पट जोरात चमकतो. शिवाय आरएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्येच असल्याने जलद वेगावरही फ्लॅश साथ देतो, त्यामुळे मागचं ऊन आवाक्यात ठेवून पुढचा चेहरा उजळता येतो. आपल्याकडच्या कडक उन्हात आणि सावळ्या चेहऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. कॅमेरा घेताना फ्लॅश अंगचा आहे का, हे आवर्जून पाहा. जीआर २ मध्ये तो होता, जीआर ३ मध्ये काढून टाकला. सडपातळपणाची किंमत तिथेही मोजलेलीच आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. मोठ्या सेन्सरचे छोटे कॅमेरे किमतीत लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांना जाऊन भिडतात. मग तोच का घेऊ नये? फोटोग्राफी शिकायची असेल, घरातून ठरवून बाहेर पडायचं असेल, तर जरूर घ्या. पण तो गळ्यात किंवा पिशवीत राहतो, आणि भाजी आणायला जाताना कॅमेऱ्याची पिशवी कुणी घेत नाही. खिशात मावणं ही या जातीच्या कॅमेऱ्याची पहिली अट आहे आणि ती अट प्रत्यक्ष खिशात घालूनच तपासावी. तीनशे ग्रॅमचा कॅमेरा शर्टाच्या खिशात ओढ देतो आणि वाकलं की बाहेर पडतो. पँटच्या खिशात तो चालतो, पण गाडीवर बसताना टोचतो. कुर्त्याला खिसाच नसेल तर पर्सच्या कुठल्या कप्प्यात तो किल्ल्या आणि नाण्यांपासून वेगळा राहील, ते पाहा. जीआर ३ साधारण पाऊण सेकंदात तयार होतो आणि ठरावीक अंतरावर फोकस आधीच लावून ठेवता येतो. बरेच झूमवाले कॅमेरे लेन्स बाहेर काढायलाच दीड-दोन सेकंद घेतात. रस्त्यावरच्या फोटोला तेवढा वेळ मिळत नाही. बॅटरीचाही असाच विचार करा: सीपाच्या पद्धतीने मोजलं तर जीआर ३ एका चार्जवर सुमारे २०० आणि आरएक्स१०० चा सातवा अवतार सुमारे २६० फोटो देतो. सहलीला दुसरी बॅटरी लागणारच, ती किमतीत धरा. चार्जिंग फोनच्याच टाइप-सी वायरने होतं का, तेही विचारा. फोटो फोनवर घेण्यासाठी ब्लूटूथ आणि वायफायची ॲप्स असतात, पण ती अडली की माणूस वैतागून कॅमेरा वापरणं सोडतो. साधा कार्ड रीडर ही अडचण कायमची मिटवतो.

दुकानात जाताना स्वतःचं रिकामं कार्ड बरोबर न्या आणि दुकानदाराची परवानगी घेऊन त्यावर फोटो काढा. काउंटरवरच्या झगमगीत दिव्यांखाली सगळेच कॅमेरे चांगले दिसतात, म्हणून दुकानातला सर्वांत अंधारा कोपरा शोधा. बरोबरच्या माणसाला चालायला सांगा, त्याचे केस आणि शर्टाचं कापड दिसेल असा फोटो घ्या. एकदा झूम न करता, एकदा पूर्ण झूमवर. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, याकडे लक्ष द्या. मग दाराबाहेर उन्हात येऊन स्क्रीन दिसते का ते पाहा. ती दिसत नसेल आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडरही नसेल, तर दुपारी अंदाजानेच फोटो काढावे लागतील. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर काहीच ठरवू नका. कार्ड घरी आणा, मोठ्या पडद्यावर फोटो पूर्ण आकारात उघडा आणि फोनने काढलेल्या तशाच फोटोशेजारी ठेवा.

वापरलेला कॅमेरा घ्यायला हरकत नाही. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी हे व्यवहार नेहमीचे आहेत. तरुण मंडळींना सध्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे सीसीडी सेन्सरचे कॅमेरे आवडतात, त्यांचे रंग आणि फ्लॅशचा थेट प्रकाश त्यांना हवा असतो. ती आवड खरी आहे, पण आधी कार्ड तपासा: जुने ऑलिंपस आणि फुजीफिल्म एक्सडी कार्ड मागतात, जुने सोनी मेमरी स्टिक मागतात आणि २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीच्या वरचं एसडी कार्ड ओळखत नाहीत. बॅटरी अजून मिळते का, हे कॅमेऱ्याच्या आधी शोधा. मग लेन्स पूर्ण बाहेर काढून फोनचा टॉर्च तिच्यावर तिरका धरा. कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढुरक्या तंतूंनी ओळखू येते. त्यानंतर पांढऱ्या भिंतीचा फोटो सर्वांत लहान भोकावर, म्हणजे एफच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर घ्या. आत-बाहेर सरकणारी लेन्स हवेबरोबर धूळ आत ओढते आणि ती सेन्सरवर बसली असेल तर भिंतीवर राखाडी ठिपके दिसतात. बुरशी किंवा ठिपके दिसले तर भाव कितीही उतरला तरी तो कॅमेरा परत द्या. या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नाही, आतून साफ करायचं म्हणजे सगळा कॅमेरा खोलावा लागतो, आणि त्या कामाची मजुरी बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीवर जाते.